वाळत घातलेल्या मासळीवर माशांचं औषध मारू नका, मुलींसाठी तरी



पुरुमेंताचे दिवस जवळ आले, मासळी सुकवायची घाई सुरू आहे. माशा बसतात म्हणून काही ठिकाणी वाळवणावर कीटकनाशक मारतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, "धुतलं की जातं. आजवर कुणाला काय झालं?" त्याबद्दलच आज लिहीत आहोत.

उलटी, चक्कर हा त्रास लगेच दिसतो. काही कीटकनाशकांचं दुसरं काम मात्र दिसत नाही. हार्मोन म्हणजे शरीरातला निरोप्या. इस्ट्रोजेन हे हार्मोन स्तनाच्या पेशींना वाढायचा निरोप देतं. डीडीटीतला काही अंश याच इस्ट्रोजेनची नक्कल करतो, म्हणजे पेशींना खोटा निरोप जातो. डीडीटी चरबीत साठतं, लहान मासळीतून मोठ्या मासळीत आणि तिथून माणसात येतं. भारतात शेतीसाठी त्यावर १९८९ साली बंदी आली.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड भागात १९५९ ते १९६७ या काळात गरोदर बायकांचं रक्त घेऊन जपून ठेवलं होतं. पुढे कितीतरी वर्षांनी ते तपासलं. २००७ साली निष्कर्ष छापून आला. ज्या बायकांचा डीडीटीशी संबंध चौदा वर्षांच्या आत आला आणि रक्तात ते जास्त सापडलं, त्यांना पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे पाचपट होता. मोठेपणी संबंध आलेल्यांत तसं दिसलं नाही. २०१५ साली त्याच बायकांच्या मुलींचा अभ्यास आला. आईच्या रक्तात डीडीटी जास्त, तर मुलीला धोका जवळजवळ चौपट.

म्हणजे विष किती गेलं यासोबत ते कोणत्या वयात गेलं हेही महत्त्वाचं. पोटातलं बाळ आणि वयात येणारी मुलगी यांना सगळ्यात जपायचं.

आजच्या प्रत्येक औषधाने कर्करोग होतो असं आम्ही म्हणत नाही. वय, घराण्यातला आजार, दारू अशी कारणंही असतात. पण वाळवणाजवळ बसतात त्या आपल्याच बायका आणि पोरी. माशांसाठी वापरलं जाणारं डायक्लोरव्हॉस तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. कुणाकडे जुनी बाटली असली तर ती वापरू नका.

मग माशांचं काय करायचं?

• मासळी ताजी असतानाच आतडी काढा, स्वच्छ पाण्याने धुवा, मीठ भरपूर लावा. माशा ओल्या मासळीवर जास्त बसतात.
• जमिनीवर न घालता उंच मांडवावर जाळी ताणून वाळवा. खालून वारा लागला की लवकर सुकते.
• वरून बारीक जाळी किंवा जुनी मच्छरदाणी घाला. आतडी-डोकी तिथेच टाकू नका.
• औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी किंवा मीठ भरू नका.

मासळी खाणं सोडायची गरज नाही, ती चांगलंच अन्न आहे. आणि बायकांनो, छातीत गाठ लागली तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण तपासल्याशिवाय कळत नाही.

"कुणाला काय झालं" हे आज दिसणार नाही. आज वाळवणाशेजारी खेळणाऱ्या पोरीच्या बाबतीत ते कळायला चाळीस वर्षं लागतील.

ज्यांना जाळी हवी त्यांनी संस्थेच्या कार्यालयात नाव द्यावं, एकत्र घेतली तर स्वस्त पडेल.

आपला,
सचिव