पंखावर कापड चढवताना

घरी बांधलेल्या हलक्या विमानाच्या पंखावर आज बहुतेक वेळा पॉलिएस्टरचे विणलेले कापड असते. पहिल्या महायुद्धातील विमानांना लिनन वापरत, पुढे सुती कापड आले. ही दोन्ही ‘डोप’ नावाचे लुकण लावून ताणली जात. पॉलिएस्टर उष्णतेने आक्रसते. कापड आधी सांगाड्याच्या कडांना चिकटवतात, मग इस्त्री सुमारे १२० अंश सेल्सियसवर फिरवतात आणि शेवटचा ताण १७५ अंशांच्या आसपास देतात. उष्णता याहून फार वाढली तर ताण कायमचा जातो. म्हणून इस्त्रीच्या बटणावरील आकड्यांवर विसंबू नये, तापमान मोजूनच घ्यावे.

खरे मोलाचे काम कापडाला सांगाड्यातील बरगड्यांशी टाके घालण्याचे. उड्डाणात पंखाच्या वरच्या बाजूस हवेचा दाब घटतो आणि कापड वर खेचले जाते. ते धरून ठेवण्यासाठी लांब सुईने मेण लावलेला दोरा पंखाच्या आरपार नेतात व प्रत्येक टाक्याला न सरकणारी गाठ मारतात. दोऱ्याने कापड चिरू नये म्हणून खाली मजबूत पट्टी असते. दोन टाक्यांतले अंतर विमानाच्या कमाल वेगावर ठरते. प्रोपेलरच्या झोतात ते आणखी कमी ठेवतात. काही विमानांत टाक्यांऐवजी रिव्हेट किंवा स्क्रू असतात.

टाक्यांवर कातरी कडांची पट्टी बसते. वर सहसा अ‍ॅल्युमिनियमची पूड मिसळलेला थर देतात, कारण अतिनील किरणांनी पॉलिएस्टर कमकुवत होते. पाणी निघून जावे म्हणून पंखाच्या खालच्या बाजूला, मागच्या कडेलगत भोके ठेवतात.