उन्हाळ्यातला गोठा

महाराष्ट्रात छापलेली गोष्टींची पुस्तके तुम्ही वाचली असतील. त्यांत उन्हाळा एप्रिल-मे महिन्यांत येतो. आपल्या मॉरिशसमध्ये तेव्हा हवा थंड होऊ लागलेली असते. आपला उन्हाळा नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत राहतो. गुलमोहर लाल होतो, बाजारात लिची येते आणि शाळेला मोठी सुट्टी लागते. आणखी एक फरक आहे. महाराष्ट्रात आधी ऊन तापते आणि मग पाऊस येतो. आपल्याकडे ऊन, पाऊस आणि वादळे एकाच ऋतूत येतात.

शाळेला सुट्टी असली तरी गोठ्याला सुट्टी नसते. कशी ते पाहण्यासाठी आपण कास्कावेलच्या बाजूला एका लहानशा शेतावर जाऊ या. शेत कसले, घरामागची अर्धा आर्पां जमीन! तिथे गौरी नावाची एक गाय आहे, तिचे वासरू आहे, चार शेळ्या आहेत आणि दहा-बारा कोंबड्या आहेत. घरात आजी, आई, बाबा आणि दोन मुले राहतात. पूर्वी आपल्या गावांत पुष्कळ घरांमागे असा गोठा असे. आता अशी घरे थोडी उरली आहेत.

उन्हाळ्यात इथला दिवस सूर्याच्या आधी सुरू होतो. पहाटे साडेचारला आई गोठ्यात जाते. आधी ती वासराला सोडते. वासरू धावत येऊन आचळांना तोंड लावते. त्याने दोन-चार घोट घेतले की गौरीला पान्हा फुटतो. मग आई वासराला बाजूला बांधते आणि धार काढायला बसते. एका बाजूचे दूध मात्र ती वासरासाठी ठेवते. काढलेले दूध लगेच चुलीवर चढते. थंडीच्या दिवसांत दूध थोडा वेळ राहिले तरी चालते, पण जानेवारीच्या उन्हात ते दुपारपर्यंत नासून जाते.

तोपर्यंत बाबा विळा घेऊन गवताला निघालेले असतात. गवताची गोष्ट जरा नीट समजून घ्यायला हवी. जूनपासून डिसेंबरपर्यंत आपल्याकडे ऊस तोडतात. तेव्हा उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, शेतात पडलेले असतात. ते आणले की गाईचे पोट भरते. पण ऊसतोड संपली की वाढे मिळत नाहीत. नवा ऊस शेतात उभा असतो आणि त्याला हात लावता येत नाही. मग रस्त्याच्या कडेचे, ओढ्याकाठचे, डोंगराच्या पायथ्याचे गवत शोधावे लागते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस कमी पडतो. पाऊस उशिरा आला तर गवतही उशिरा येते. त्या दिवसांत बाबा दूरवर जातात आणि भारा सायकलवर बांधून आणतात.

शेळ्यांना गवतापेक्षा झाडाचा पाला आवडतो. मुलगा त्यांच्यासाठी अकासियाच्या फांद्या तोडून आणतो. भारतात या झाडाला सुबाभूळ म्हणतात. हा पाला पौष्टिक असतो, पण रोज तोच आणि पोटभर दिला तर जनावरांचे केस गळू लागतात. म्हणून आजी सांगते, "थोडा अकासिया, बाकी गवत."

दहा वाजले की ऊन टोचू लागते. आता गौरी आंब्याखाली बसून रवंथ करते. समोर गवत असले तरी ती फारसे खात नाही. ती आजारी आहे असे मुलीला एकदा वाटले होते. बाबांनी तिला कारण सांगितले. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात गवत आंबते, आणि गवत आंबताना उष्णता तयार होते. म्हणजे गाईच्या पोटात जणू एक चूलच पेटलेली असते. बाहेर ऊन आणि आत चूल! म्हणून शहाणी गाय दुपारी कमी खाते. गवताचा मोठा भारा तिला संध्याकाळी आणि पहाटे घालायचा असतो. ती कमी खाते तेव्हा दूधही थोडे कमी देते. त्यासाठी गाईवर रागावून उपयोग नाही.

पाणी मात्र तिला सारखे हवे असते. दूध देणारी गाय उन्हाळ्यात दिवसाला साठ ते ऐंशी लिटर पाणी पिऊ शकते. दहा लिटरची बादली धरली तर किती बादल्या झाल्या, ते तुम्हीच मोजा. पाऊस लांबला की नळाला ठरावीक वेळीच पाणी येते. तेव्हा मुलगी सकाळी उठल्याबरोबर पिंप भरून ठेवते. भाज्या धुतलेले पाणी ती फेकत नाही, वेलांच्या मुळाशी ओतते. पिण्याचे पाणी ती सावलीत ठेवते, कारण उन्हात तापलेले पाणी जनावरे तोंड लावून सोडून देतात.

कोंबड्यांना घाम येत नाही. मग त्या अंग थंड कसे करतात? दुपारी त्यांच्याकडे पाहा. त्या चोच उघडी ठेवून भराभर श्वास घेतात आणि पंख अंगापासून दूर धरतात. डोक्यावरच्या लाल तुऱ्यातूनही अंगातली उष्णता बाहेर जाते. अशा वेळी त्यांच्या मागे धावू नये. धावण्याने त्या आणखी तापतात आणि मरूही शकतात. अंडी गोळा करण्याचे काम धाकट्या मुलाचे आहे. उन्हात अंडी लवकर खराब होतात, म्हणून तो दिवसातून दोनदा खुराड्यात डोकावतो. त्याच वेळी तो पिल्ले मोजतो. पिल्लांचा शत्रू आहे मुंगूस. उंदीर मारावेत म्हणून १९०० साली आपल्या बेटावर मुंगसे सोडली गेली. त्यांनी उंदीर खाल्ले, पण कोंबडीची पिल्लेही सोडली नाहीत!

संध्याकाळी गोठ्यात माश्यांचा त्रास वाढतो. या घरातल्या साध्या माश्या नव्हेत. त्या जनावरांचे रक्त पितात. उसाच्या शेतात कुजणाऱ्या पाचोळ्यात त्या वाढतात. गौरी शेपटी हलवून आणि पाय आपटून दमून जाते. मग बाबा गोठ्याच्या बाहेर ओल्या पाल्याचा धूर करतात. शेण लांबच्या खड्ड्यात टाकतात आणि वरून माती पसरतात. दोन-तीन महिन्यांनी त्याचे खत होते. ते खत घातलेल्या वाफ्यात भेंडी, दोडका आणि ब्रेदची भाजी चांगली येते. बाजारात आपण भेंडीला लालो आणि दोडक्याला पिपंगाई म्हणतो, पण आजीच्या स्वयंपाकघरात त्यांची मराठी नावेच चालतात. भाजीची देठे आणि जून पाने पुन्हा शेळ्यांकडे जातात.

उन्हाळ्यात सर्वांचे लक्ष रेडिओकडे असते. वादळाचा पहिला इशारा मिळाला की शेतावर धावपळ सुरू होते. बाबा गोठ्याचे पत्रे तारेने बांधतात आणि आंब्याच्या वाळक्या फांद्या तोडतात. दोन-तीन दिवस पुरेल इतके गवत कापून आत ठेवतात. आई पिंपे भरते. कोंबड्या टोपल्यांत घालून मोरीत ठेवतात. शेळ्यांना सिमेंटच्या खोलीत घेतात. मुलांचा अभ्यासाचा टेबल त्याच खोलीत आहे, त्यामुळे वह्या उंच फळीवर ठेवाव्या लागतात. एका वादळात शेळीने गणिताची वही खाल्ली होती. गुरुजींना ते खरे वाटले नाही.

गौरी आणि वासरू घराच्या पक्क्या भिंतीच्या आडोशाला येतात. त्यांना कसे बांधायचे ते आजी स्वतः पाहते. याला कारण आहे.

१९६० साली फेब्रुवारीच्या अखेरीस कॅरोल नावाचे मोठे वादळ आले. वाऱ्याचा झोत ताशी २५६ किलोमीटरपर्यंत गेला होता. आजी तेव्हा सात वर्षांची होती. त्यांचे घर गवताने शाकारलेले होते. वारा वाढला तेव्हा सगळे जण शेजारच्या दगडी घरात गेले. निघण्याआधी आजीचे बाबा गोठ्याकडे धावले. वाऱ्याने छप्पर हलत होते. ओली गाठ घट्ट बसली होती आणि सुटता सुटत नव्हती. शेवटी त्यांनी विळ्याने दावे कापले आणि गाय-वासराला मोकळे केले.

मग एकाएकी वारा थांबला. वादळ संपले असे लहान आजीला वाटले. पण तो वादळाचा डोळा होता, म्हणजे वादळाच्या मधली शांत जागा. आजीचे बाबा गाय शोधायला निघाले, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी त्यांना अडवले. काही वेळाने वारा पुन्हा आला, आणि या वेळी उलट्या दिशेने आला. त्या वाऱ्यात गोठा जमीनदोस्त झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाय सापडली. आडव्या झालेल्या उसात ती उभी होती. वासरू तिच्या पोटाखाली होते आणि त्याच्या अंगाला उसाची पाने चिकटली होती.

गौरीचे दावे खुंटीला बांधताना बाबा आजही एका हिसक्यात सुटणारी गाठ मारतात. मग आजी येते, दोराचे टोक ओढून गाठ एकदा सोडून पाहते आणि त्यांना ती पुन्हा मारायला लावते.