अक्षरं येतात, मग अडतं कुठे?

फळ्यावर दोन हिंदी शब्द लिहा: सड़क आणि सड़कें. पहिल्या शब्दात आपण ‘ड़’मधला अ नीट उच्चारतो आणि ‘क’मधला गिळून टाकतो. दुसऱ्यात ‘ड़’मधलाच अ गायब होतो, तोंडातून ‘सड़्-कें’ असं काहीतरी येतं. लिहिलेला ‘ड़’ मात्र दोन्हीकडे तोच. त्याचा पाय मोडलेला नाही, वर-खाली कसली खूण नाही. कुठला अ म्हणायचा आणि कुठला खायचा, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. मराठीत ‘बदक’ आणि ‘बदकं’ वाचताना आपणही हाच खेळ खेळतो, आणि खेळतोय हे आपल्या गावीही नसतं.

मग हा नियम असतो कुठे? कानात. हिंदी घरातलं पोर शाळेत येण्याआधी ‘सड़कें’ हा शब्द कितीदा तरी ऐकून आलेलं असतं. अक्षरं जुळवताना ते ‘स-ड़-कें’ असं अडखळतं, तेवढ्यात आतून ओळख पटते: अरे, हे तर आपलं सड़कें! देवनागरी जशी लिहितो तशीच वाचतो, असं आपण अभिमानाने सांगत असतो. ते फार तर पाऊण खरं आहे. उरलेला पाव भाग वाचणाऱ्याने घरून आणायचा असतो.

आणि घरून दुसरीच भाषा आली असेल तर?

हा प्रश्न पाहायला बालाघाटसारखा जिल्हा नाही. गोंदियाच्या उत्तरेला वैनगंगेच्या खोऱ्यात वारासिवनी, कटंगी, लांजीचा भातपट्टा. तिथे पोवारी बोलणारी घरं, काही मराठी बोलणारीही. घाट चढून बैहर-बिरसाच्या जंगलपट्ट्यात गेलं, की गोंडांच्या वस्त्या आणि बैगांची गावं. शाळा मात्र सगळ्यांची हिंदीतून. मराठी घरातल्या मुलाचं फारसं अडत नाही. ‘ज्ञान’ हिंदीत ‘ग्यान’ होतं आणि ‘पैसा’मधला ऐ पसरट होतो, एवढ्यावर निभावतं. गोंडी घरातल्या मुलीपुढे मात्र वेगळंच भाषाकुल उभं असतं. गोंडी द्राविडी आहे, तेलुगूच्या नात्यातली. तिच्या घरी मोजणी उंदी, रंड, मुंड अशी चालते.

डेव्हिड शेअर या वाचन-अभ्यासकाने १९९५ साली एक सुंदर कल्पना मांडली. त्याच्या मते मूल बरंचसं वाचन स्वतःच स्वतःला शिकवतं. अनोळखी शब्द समोर आला की ते अक्षरांवरून ध्वनी काढून बघतं. निघालेला ध्वनी एखाद्या माहीत असलेल्या शब्दाशी जुळला की शब्दाचं रूप डोक्यात बसायला लागतं, आणि अशा मोजक्या भेटींनंतर तो शब्द फोड न करता, नुसत्या नजरेने ओळखू येतो. दिवसभरात मूल असे कितीतरी शब्द पचवतं. इतके शब्द एकेक करून शिकवणं कुठल्या गुरुजींना जमणार?

पण या यंत्राला इंधन लागतं ते बोलीतल्या ओळखीचं. बैहरच्या वर्गातली मुलगी ‘स-ड़-कें’ अशी अगदी बिनचूक फोड करते आणि आतून कुणीच ‘हो’ म्हणत नाही. आपण बरोबर वाचलं की चूक, हे कळायला तिच्याकडे काही साधनच नाही. म्हणून ती पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू करते. बाहेरून बघणाऱ्याला हा मठ्ठपणा वाटतो.

शब्दाच्या पुढे वाक्याची गंमत आणखी वेगळी. ‘खिड़की से ठंडी हवा आ रही थी’ हे वाचताना सरावलेल्या वाचकाला ‘ठंडी’पाशीच चाहूल लागते, की पुढचं नाम स्त्रीलिंगी असणार. तो अर्धं वाक्य डोळा पोहोचण्याआधीच ओळखून बसलेला असतो. गोंडीत नामांची वाटणी वेगळ्या धर्तीची: एका बाजूला पुरुष आणि देव, दुसऱ्या बाजूला बायका, जनावरं, झाडं, वस्तू, सगळं जग. खिडकी बाई आणि दरवाजा बुवा, हे त्या मुलीला का पटावं? हिंदी बोलणाऱ्याला जी ‘ई’ वाट दाखवते, ती तिच्यासाठी लक्षात ठेवायचं आणखी एक ओझं होते.

फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं सूत्र मांडलं: अक्षरांतून शब्द काढण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. हा गुणाकार फार महत्त्वाचा. बेरीज असती तर एका बाजूची तूट दुसरीने भरून निघाली असती. गुणाकारात एक बाजू शून्य, तर उत्तर शून्य. मला यातलं सगळ्यांत थक्क करणारं मूल वाटतं ते अडखळणारं नव्हे. अख्खा परिच्छेद खड्या आवाजात धडाधड वाचून दाखवणारं, आणि त्यातलं अवाक्षरही न कळलेलं! त्याला शाबासकी मिळते, आणि त्याची अडचण कुणाच्या नजरेला पडत नाही.

वाचन ही मुळात केवढी उलथापालथ आहे, हे लखनऊजवळच्या खेड्यांत दिसून आलं. तिथल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवली आणि आधी-नंतर मेंदूची छायाचित्रं घेतली. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. बदल केवळ मेंदूच्या वरच्या थरात नव्हता, थॅलॅमस आणि मेंदूकांडापर्यंत, म्हणजे दृष्टीच्या अगदी जुन्या भागांपर्यंत पोहोचला होता. आणि ही माणसं आपलीच बोलती भाषा वाचायला शिकत होती. सहा वर्षांच्या पोराकडून आपण हे काम आणि नवी भाषा, दोन्ही एकदम मागतो. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांचा हिशेब असा, की दुसरी भाषा खेळण्या-बोलण्यापुरती यायला साधारण दोन वर्षं लागतात. धड्यातली भाषा पेलायला पाच ते सात. तोवर प्राथमिक शाळा संपलेली असते.

बालाघाटपुरता यात इतिहासाचा एक चमत्कारिक योग आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाटची राजधानी नागपूरऐवजी भोपाळ झाली. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५०-अ हे कलम घातलं: भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा राज्याने प्रयत्न करावा. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक नोंदले गेले, तरी गोंडी आठव्या अनुसूचीबाहेरच आहे. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने मात्र वाट न बघता २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी स्वतःची शाळा काढली.

लिपी तर बालाघाटने त्याच्या शंभरएक वर्षं आधीच दिली होती. याच जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी रचली. २०१७ मध्ये ती युनिकोडमध्ये दाखल झाली. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार नंतर, त्यात नवशिकं मूल हमखास ठेचकाळतं. मसरामांच्या लिपीत इकाराची खूण अक्षराच्या आधी येतच नाही.

पण लिपी कुठलीही असो, अर्थ आधी कानावर पडायला हवा. धड्यातली गोष्ट पहिल्यांदा गोंडीत सांगायची, मग तीच हिंदीत, चित्रं दाखवत, हातवारे करत. पुस्तक उघडायचं ते त्यानंतर. शिक्षकाला गोंडी येत नसेल तर वरच्या वर्गातली मुलगी सांगेल, कुणाची तरी आजी सांगेल. आणि धडाधड वाचणाऱ्या मुलीला धडा संपल्यावर एवढंच विचारायचं, की हे घरी गोंडीत कसं सांगशील? ती गप्प राहिली, तर बाराखडीची आणखी एक उजळणी करून काही होणार नाही.