जुनी फटफटी आणि उसाचे पेट्रोल



आपल्याकडे पुष्कळ घरांतून अजूनही एखादी जुनी मोटारसायकल जपून ठेवलेली असते. कुठे दुधाच्या किटल्या वाहिलेली राजदूत, कुठे येझदी, कुठे बुलेट, तर कुठे १९८५ साली बाजारात आलेली यामाहा आर. एक्स. शंभर. वडिलांनी उसाच्या बिलातून घेतलेली गाडी विकायला मन होत नाही, आणि मळ्यापर्यंत जायला ती उपयोगीही पडते.

या गाड्यांबाबत हल्ली दोन मते कानावर येतात. गॅरेजवाला म्हणतो, "इथेनॉलने गाडीची वाट लावली." साखर कारखान्याच्या आवारात विचाराल, तर "इथेनॉलने काहीही होत नाही" असे उत्तर मिळते. खरी गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. इथेनॉल हा जुन्या गाडीचा शत्रू नाही, पण त्याचा स्वभाव पेट्रोलहून वेगळा आहे. तो ओळखून चार साध्या गोष्टी केल्या, तर जुनी गाडी आणखी कित्येक वर्षे चालेल. दुर्लक्ष केले, तर मात्र इंजिन जाम होण्यापासून गाडी पेट घेण्यापर्यंत काहीही घडू शकते.

हे पेट्रोल आले कोठून?

इथेनॉल म्हणजे मद्यार्क. उसाचा रस, साखर कारखान्यातील मळी, मका किंवा तांदूळ आंबवून तो काढतात. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते. पेट्रोलमध्ये तो मिसळण्याचे सुरुवातीचे प्रयोग २००१ साली आपल्याच मिरज आणि मनमाड येथे, तसेच उत्तर प्रदेशात बरेली भागात झाले. २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. म्हणजे आज टाकीत पाच लिटर पेट्रोल भरले, तर त्यात सुमारे एक लिटर इथेनॉल असते. ते आपल्याच शेतातून गेलेले असू शकते. तेव्हा त्याला नावे ठेवण्याआधी त्याचे गुणदोष नीट समजून घेतलेले बरे.

पहिला स्वभाव : पाणी ओढणे

पावसाळ्यात गूळ उघडा राहिला की पाझरू लागतो, कारण तो हवेतील ओलावा ओढतो. इथेनॉलचेही तसेच आहे. लिटरभर मिश्र पेट्रोलमध्ये चमचाभर पाणी जिरून जाते आणि दिसतही नाही. पण पाणी प्रमाणाबाहेर गेले, किंवा हवा एकदम थंड झाली, की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्याने टाकीच्या तळाशी बसतात. पेट्रोलचा कॉक तळाशीच असतो. त्यामुळे इंजिनला आधी हेच पाणी मिळते.

हे स्वतः पाहायचे असेल, तर एक अरुंद काचेची बाटली घ्या. तिच्यावर कागदाच्या पट्टीने अकरा समान भाग आखा. दहा भाग पेट्रोल आणि एक भाग पाणी घालून बूच लावा, हलवा आणि पंधरा मिनिटे ठेवा. खालचा पाण्याचा थर एका भागाऐवजी अडीच-तीन भाग झालेला दिसेल. वाढलेला भाग इथेनॉलचा. हा प्रयोग उघड्यावर करावा, चूल, विडी आणि मुले दूर ठेवावीत. वापरलेले पेट्रोल गाडीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. अशा रीतीने पाण्याने पेट्रोल "धुऊन" गाडीत घालण्याच्या भानगडीतही पडू नये. इथेनॉल निघून गेला की उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन कमी होतो आणि इंजिन ठोके देऊ लागते.

राजदूत, येझदी, लुना, एम-८० अशा टू-स्ट्रोक गाड्यांना याचा धोका अधिक. त्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. खाली बसलेल्या पाण्याच्या थरात ऑइल जवळजवळ नसते. तो थर इंजिनात गेला, तर पिस्टनला वंगण मिळत नाही आणि पिस्टन जाम होतो.

दुसरा स्वभाव : रबर आणि बूच यांवर परिणाम

जुन्या गाड्यांची पेट्रोलची नळी, कॉकमधील वायसर, बुचाचे गास्केट आणि कार्बोरेटरमधील रबरी भाग हे साध्या पेट्रोलसाठी बनवलेले होते. मद्यार्काने त्यांतील काही फुगतात, काही कडक होऊन तडकतात. अशा नळीतून पेट्रोल ठिबकून तापलेल्या इंजिनावर पडले, तर काय होईल हे सांगायला नको. टाकीतील वर्षांचा गाळही या पेट्रोलने सुटतो आणि जेटमध्ये जाऊन अडकतो. कार्बोरेटरच्या आत पांढरी भुकटी दिसली, तर ओलाव्याने धातू गंजू लागला असे समजावे.

तिसरा स्वभाव : हवा कमी लागणे

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो. नव्या इंजेक्शनच्या गाड्या हा हिशेब बऱ्याच अंशी आपोआप सांभाळतात. जुना कार्बोरेटर मात्र पूर्वीइतकीच हवा देत राहतो. मग हवा जास्त आणि इंधन कमी, असे होऊन इंजिन अधिक तापते, थंडीत लवकर सुरू होत नाही आणि चढावर दम टाकते.

लिटरमागे इथेनॉलची शक्तीही पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात २० टक्के मिश्रणाने दुचाकीचे मायलेज ३ ते ४ टक्के घटेल असे म्हटले आहे. म्हणजे लिटरला ५० किलोमीटर देणारी गाडी ४८ च्या आसपास देईल. जुन्या गाडीत घट थोडी अधिकही होईल. पण एकदम दहा-पंधरा किलोमीटर कमी झाले, तर दोष पेट्रोलचा नसून गाडीत शोधावा.

काय करावे?

१) पेट्रोलची नळी, कॉकचे वायसर व गास्केट आणि फ्लोटची सुई बदलून घ्या. दुकानात "इथेनॉलला टिकणारी" अशीच मागा. साधी पारदर्शक प्लास्टिकची नळी लावू नका.

२) टाकी एकदा सोडवून स्वच्छ धुऊन घ्या. नळीत छोटा फिल्टर बसवा आणि सुरुवातीला तो वरचेवर तपासा.

३) स्पार्क प्लग काढून पाहा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. पांढरेफटक असेल तर इंधन कमी पडते आहे. मिस्त्रीकडून मेन जेट एक-दोन नंबर मोठा बसवून घ्या.

४) टाकीच्या झाकणाचे रबर पाहा. पावसात गाडी छपराखाली ठेवा.

५) गाडी आठवडाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. कार्बोरेटर रिकामा होईल. महिनाभरासाठी टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत ओली हवा राहणार नाही. त्याहून अधिक काळासाठी टाकी पूर्ण रिकामी करून आतून ऑइलचा हात फिरवा.

६) टू-स्ट्रोक गाडीसाठी ऑइल मिसळलेले पेट्रोल साठवून ठेवू नका. लागेल तेवढेच तयार करा.

७) पावसाळ्यानंतर पहिल्यांदा गाडी काढताना कॉकमधून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर दिसला, तर सगळी टाकी रिकामी करा.

फवारणी पंपाचेही तेच

हे सारे पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला, गवत कापणी यंत्राला आणि छोट्या पाणी-इंजिनालाही तितकेच लागू आहे. एक फवारणी झाली की पंप कोपऱ्यात जातो आणि पुढची वेळ येते तेव्हा सुरू होत नाही. कपाशीवर बोंडअळी आली असता यंत्राने दगा दिला, तर होणारे नुकसान वायसरच्या किमतीच्या कितीतरी पट असते. म्हणून काम संपले की टाकी रिकामी करण्याची सवय घरातील प्रत्येकाला लावा.

बैलाला वैरण बदलताना आपण हळूहळू बदलतो आणि त्याच्या पोटाकडे लक्ष ठेवतो. गाडीचे इंधन बदलले आहे, तेव्हा तिच्याकडेही तसेच लक्ष द्यायला हवे. येत्या रविवारी पहिल्यांदा नळी तपासा. ती कडक झाली असेल किंवा बोटाला पेट्रोलचा ओलावा लागला, तर नवी नळी बसवल्याशिवाय गाडीला किक मारू नका.