अतिनिद्रालुता : लक्षणे व जीवनगुणवत्ता यांचे मापन

अतिनिद्रालुता : दिवसा जागे राहणे आवश्यक असताना वारंवार अनावर झोप येणे, या अवस्थेस अतिनिद्रालुता म्हणतात. अपुरी झोप, झोपेत श्वसनमार्ग पुनःपुन्हा बंद होणे, काही औषधे ही तिची नेहमीची कारणे होत. नार्कोलेप्सी व अज्ञातहेतुक अतिनिद्रा या विकारांत ती मुख्य लक्षण असते. थकवा व निद्रालुता यांत भेद आहे. थकलेल्या माणसास विश्रांती हवी असते. पण आडवे होताच त्याला झोप लागतेच असे नाही. निद्राळू माणूस मात्र बोलता बोलता वा जेवतानाही झोपी जाऊ शकतो. हा भेद न ओळखल्यामुळे अशा रुग्णांवर आळशीपणाचा शिक्का बसतो. निदान, तीव्रतेचा अंदाज, औषधाचा परिणाम व वाहन चालविण्याची पात्रता हे सर्व ठरविण्यासाठी मापनाची गरज असते.

प्रयोगशाळेतील मापन : अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मेरी कार्स्केडन व विल्यम डिमेंट यांनी १९७०–८० या दशकात बहुवार निद्राविलंब चाचणी विकसित केली. आदल्या रात्रीच्या झोपेचे आलेखन केल्यानंतर दिवसा दोन-दोन तासांच्या अंतराने चार किंवा पाच वेळा रुग्णास अंधाऱ्या, शांत खोलीत निजविले जाते आणि झोप लागण्यास किती मिनिटे लागली, हे विद्युत् मस्तिष्कालेखावरून ठरवितात. सरासरी ८ मिनिटे वा त्याहून कमी असल्यास निद्रालुता विकृत मानतात. शिवाय दोन किंवा अधिक वेळा झोप लागल्यापासून १५ मिनिटांच्या आत शीघ्र नेत्रचलन निद्रा अवतरल्यास नार्कोलेप्सीच्या निदानास पुष्टी मिळते. याउलट जागृतिधारण चाचणीत रुग्णाने मंद प्रकाशात बसून जागे राहावयाचे असते. प्रत्येक फेरी बहुधा ४० मिनिटांची असते. पहिली चाचणी झोपेकडे असलेला कल मोजते, तर दुसरी झोप थोपविण्याची क्षमता; म्हणून दोहोंचे निष्कर्ष नेहमी जुळतातच असे नाही.

प्रश्नावल्या : सात पायऱ्यांची स्टॅनफर्ड व नऊ पायऱ्यांची कॅरोलिन्स्का या श्रेणी त्या क्षणीची निद्रालुता नोंदवितात. मेलबर्न येथील मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली एपवर्थ श्रेणी अलीकडच्या काळातील सर्वसाधारण कल विचारते. वाचन करणे, दूरचित्रवाणी पाहणे, मोटारीतून तासभर प्रवास करणे, दुपारी आडवे होणे अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता रुग्णाने ० ते ३ या गुणांत सांगावयाची असते. एकूण २४ पैकी १० पेक्षा अधिक गुण अतिनिद्रालुता दर्शवितात. ही श्रेणी सोपी व बिनखर्चाची आहे. परंतु जो वाचत नाही वा मोटारीत बसत नाही, त्याला केवळ कल्पनेने उत्तर द्यावे लागते. नोकरी जाण्याच्या भीतीने वाहनचालक गुण कमी सांगण्याचाही संभव असतो. भाषांतरातही काळजी घ्यावी लागते. मराठीत ‘झोप येणे’ ही इच्छा आहे, तर ‘झोप लागणे’ ही घटना. एपवर्थ श्रेणीचा प्रश्न दुसऱ्या गोष्टीविषयी आहे.

अज्ञातहेतुक अतिनिद्रेत रात्रीची झोप फार लांबते, उठविणे कठीण जाते आणि उठल्यावरही बराच वेळ गुंगी राहते. निद्राविलंब चाचणी वा एपवर्थ श्रेणी यांत ही लक्षणे उमटत नाहीत. म्हणून फ्रेंच संशोधकांनी २०१९ मध्ये या विकारासाठी १४ प्रश्नांची स्वतंत्र तीव्रताश्रेणी प्रसिद्ध केली.

जीवनगुणवत्ता : लक्षणांचा दैनंदिन जीवनावर होणारा परिणाम वेगळा मोजावा लागतो. त्यासाठी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३० प्रश्नांच्या निद्रा-परिणाम प्रश्नावलीत सक्रियता, सावधानता, कार्यक्षमता, सामाजिक व्यवहार आणि दांपत्यजीवन या पाच अंगांचा विचार केला आहे. सर्व रोगांसाठी वापरली जाणारी ३६ प्रश्नांची आरोग्य-प्रश्नावलीही उपयोगी पडते. तिच्यामुळे इतर जीर्ण रोगांशी तुलना करता येते.

हे मापन वेगळे का हवे, हे नार्कोलेप्सीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. या विकाराच्या अनेक रुग्णांत हसू आवरेनासे झाले की स्नायू एकाएकी ढिले पडतात. त्यामुळे काही रुग्ण थट्टामस्करीच्या बैठकी टाळू लागतात, भावना आवरून धरतात. परिणामी आठवड्यातील झटक्यांची संख्या घटते आणि कागदावर रोग सौम्य दिसतो; प्रत्यक्षात आयुष्य आक्रसलेले असते. नोकरी सोडून दुपारी झोपण्याची सोय करून घेतलेल्या रुग्णाचेही असेच होते. म्हणून उपचाराचे यश ठरविताना झटक्यांची नोंद, निद्रालुतेचे गुण व प्रयोगशाळेतील मिनिटे यांबरोबरच रुग्णाने काय काय सोडून दिले आहे आणि त्यांपैकी काय त्याला परत मिळाले, याचीही विचारणा करणे अगत्याचे ठरते.