नायट्रो गाडीचा रिसीव्हर पॅक : लहानशी बॅटरी, मोठी जबाबदारी

रेडिओ-नियंत्रित गाड्यांच्या छंदात नायट्रो गाडीचा मान वेगळा. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर चालणारे तिचे चिमुकले इंजिन खऱ्या मोटारीसारखे गरजते, धूर सोडते आणि दोन-तीन किलोची गाडी सहज ताशी ६० किलोमीटरच्या पुढे नेते. मुंबईच्या आयआयटीतील 'टेकफेस्ट'मधल्या 'फुल थ्रॉटल' स्पर्धेमुळे इंजिनवर धावणाऱ्या अशा गाड्या राज्यभरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना परिचित झाल्या. नागपुरातही हा छंद नव्याने जडलेला तरुण इंजिन, टायर आणि इंधन यांची खडान्‌खडा माहिती काढतो. पण रिसीव्हरच्या बॅटरीचा विषय निघाला, की 'चार पेन्सिल सेल टाकले म्हणजे झाले' असे म्हणून मोकळा होतो. गाडीची सुरक्षितता मात्र नेमकी याच बॅटरीवर अवलंबून असते.

इंजिन असताना बॅटरी कशासाठी?

नायट्रो इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरज उरत नाही. सुरू करताना ग्लो प्लगची तार तापवण्यासाठी हातातले वेगळे इग्नायटर लागते. त्यानंतर ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमयुक्त तारेवर होणारी मिथेनॉलची अभिक्रिया यांमुळे तार तप्तच राहते. वीज लागते ती नियंत्रणासाठी. चालकाच्या हातातील ट्रान्समीटरचा संदेश रिसीव्हर ग्रहण करतो आणि दोन सर्व्होंना हुकूम देतो. एक सर्व्हो पुढची चाके वळवतो, दुसरा कार्बुरेटर उघडतो, मिटतो आणि ब्रेक लावतो. या तिघांना वीज पुरवणारा पॅक म्हणजे रिसीव्हर पॅक.

विजेवरच्या गाडीची मुख्य बॅटरी संपली, तर मोटरची ताकद जाते आणि गाडी थांबते. नायट्रो गाडीचे तसे नाही. पॅकने मान टाकली, तर सर्व्हो असेल त्या स्थितीत राहतो. इंजिन मात्र टाकीतले इंधन संपेपर्यंत चालूच. कार्बुरेटर त्या क्षणी पूर्ण उघडा असेल, तर गाडी बेलगाम सुटते. मैदानाच्या कडेला मुले खेळत असतात, माणसे फिरायला आलेली असतात. त्यामुळे पॅकची निवड करताना काटकसरीपेक्षा सुरक्षिततेचा विचार आधी व्हायला हवा.

चार सेलची डबी

अनेक गाड्यांसोबत चार सेल बसवण्याची प्लॅस्टिकची डबी मिळते. नव्या अल्कलाइन सेलचे प्रत्येकी १.५ व्होल्ट धरले, तर एकूण ६ व्होल्ट होतात. परंतु या सेलचा अंतर्गत रोध अधिक असल्याने सर्व्होने एकदम जास्त प्रवाह ओढला, की दाब खाली येतो. शिवाय इंजिनाच्या कंपनांनी डबीतील स्प्रिंगचा संपर्क क्षणभर सुटू शकतो. पैसे वाचवण्यासाठी याच डबीत रिचार्ज होणारे निकेलचे सेल टाकले, तर प्रत्येकी १.२ व्होल्टप्रमाणे जेमतेम ४.८ व्होल्टच मिळतात. हलक्या सर्व्होंवर, मोकळ्या जागेत सावकाश चालवण्यापुरती ही व्यवस्था ठीक, वेगासाठी नव्हे.

पाच सेलचा निकेल पॅक

सर्वसामान्य छंदिष्टासाठी सर्वांत भरवशाचा पर्याय म्हणजे निकेल-मेटल हायड्राइडचा पाच सेलचा पॅक. त्याचे सेल एकमेकांना झाळलेले असतात. त्यामुळे स्प्रिंगची भानगड नाही. नाममात्र दाब ६ व्होल्ट असल्याने बहुतेक रिसीव्हर आणि सर्व्हो तो सहज स्वीकारतात. हा पॅक दोन आकारांत येतो : पाचही सेल एका ओळीत असलेला चपटा आणि तिनांवर दोन रचलेला उंचवट्याचा. गाडीतील बॅटरीच्या पेटीचे माप घेऊनच आकार ठरवावा. साध्या निकेल सेलचा दोष म्हणजे तो न वापरताही उतरतो. गेल्या रविवारी भरलेला पॅक या रविवारी तसाच भरलेला असेल, असे समजू नये. २००५ नंतर बाजारात आलेले कमी स्वयं-विसर्जनाचे सेल या बाबतीत बरेच उजवे आहेत.

लिथियमचे दोन प्रकार

लिथियम-पॉलिमरचा दोन सेलचा पॅक हलका असतो आणि भरपूर प्रवाह देतो. मात्र त्याचा नाममात्र दाब ७.४ आणि पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट असतो. तेवढा दाब सोसणारे सर्व्हो आणि रिसीव्हर नसतील, तर मध्ये रेग्युलेटर बसवणे अनिवार्य ठरते. रेग्युलेटर शेवटपर्यंत ठरावीक दाब देत राहतो, त्यामुळे पॅक रिकामा होत आल्याची पूर्वसूचना मिळत नाही. म्हणून कमी दाबाची सूचना देणारा बझरही हवा.

लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा दोन सेलचा पॅक हा मधला मार्ग आहे. नाममात्र दाब ६.६ आणि पूर्ण भरल्यावर ७.२ व्होल्ट. रासायनिकदृष्ट्या तो लिथियम-पॉलिमरपेक्षा स्थिर असतो आणि महिनाभर ठेवला तरी फारसा उतरत नाही. सर्व्होच्या माहितीपत्रकात मर्यादा काटेकोरपणे ६ व्होल्ट लिहिली असेल, तर मात्र तो थेट जोडू नये.

या तिन्ही प्रकारांना चार्जर किंवा चार्जरवरील सेटिंग वेगवेगळे लागते. निकेलच्या चार्जरवर लिथियमचा पॅक लावणे, किंवा आयर्न-फॉस्फेटचा पॅक पॉलिमरच्या सेटिंगवर भरणे म्हणजे आगीला आमंत्रण.

आकड्यांचा अर्थ

पॅकवर ठळक छापलेला मिलिअँपिअर-तासांचा आकडा केवळ साठा सांगतो. १,६०० मिलिअँपिअर-तासांचा पॅक सरासरी एक अँपिअर प्रवाहाने सुमारे ९६ मिनिटे चालेल. म्हणजे इंधनाच्या कित्येक टाक्या. साठ्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ताण आल्यावर दाब किती टिकतो. २.४ गिगाहर्ट्झचे अनेक रिसीव्हर दाब एका मर्यादेखाली गेला, की क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतात. भरधाव गाडीला तो क्षणही पुरेसा असतो.

याची चाचणी घरी करता येते. इंजिन बंद ठेवून गाडी जमिनीवर ठेवावी, पॅकला मल्टिमीटर जोडावा आणि स्टिअरिंग झपाट्याने दोन्ही बाजूंना वळवत ब्रेकही लावावा. सहा व्होल्टचा भरलेला पॅक या ताणाखाली पाच व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर तो बदललेला बरा.

नागपूरच्या उन्हाचा हिशेब

बहुतेक निकेल आणि लिथियम सेल चार्ज करण्यासाठी सुमारे ० ते ४५ अंश सेल्सिअस ही मर्यादा सांगितली जाते. मे महिन्यात नागपूरचा पारा सावलीतच ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. बंद मोटारीच्या डिकीत तर तो आणखी चढतो. तापलेला निकेल सेल चार्ज नीट स्वीकारत नाही, भरल्यानंतर लवकर उतरतो आणि चार्जरला 'पॅक भरला' हे ओळखणेही कठीण होते. म्हणून उन्हाळ्यात, विशेषतः नवतपाच्या दिवसांत, पॅक पहाटे किंवा घरातील थंड खोलीत भरावा, मैदानावरून आल्यावर तो निवू द्यावा आणि डिकीत कधीही विसरू नये. फुगलेला लिथियम पॅक वापरातून तात्काळ बाद करावा. मिथेनॉलची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे इंधनाची बाटली आणि चार्जर एकमेकांपासून दूरच असावेत.

शेवटचा बंदोबस्त

पॅक कितीही चांगला असला, तरी आणखी दोन गोष्टी हव्यातच. पहिली, फेल-सेफ : संदेश तुटताच थ्रॉटलचा सर्व्हो ब्रेककडे नेणारी सोय. इंजिन बंद असताना ट्रान्समीटर बंद करून ती तपासता येते. पण वीजच गेली, तर सर्व्हो हलवणार कोण? म्हणून दुसरी गोष्ट म्हणजे कार्बुरेटर आपोआप मिटवणारी साधी रिटर्न स्प्रिंग. सुरू करताना आधी ट्रान्समीटर आणि मग रिसीव्हर, बंद करताना याच्या उलट, हा क्रमही पाळावा.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पाच सेलचा, कमी स्वयं-विसर्जनाचा निकेल पॅक, त्याला साजेसा चार्जर आणि ही स्प्रिंग घ्यावी. सर्व्हो अधिक ताकदीचे झाले, की त्यांची मर्यादा पाहून आयर्न-फॉस्फेटकडे वळावे. निकामी पॅक मात्र घंटागाडीत टाकू नयेत. 'बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२' नुसार ते संकलन केंद्राकडे किंवा अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवेत.