वाचलेल्या पुस्तकांची वही, आता मोबाइलवर 📚

पोखर्णीच्या स्टेशनावर गाडीची वाट बघताना मी 'गुडरीड्स' उघडतो. २००७ पासून सुरू असलेली ही सोय फुकट आहे. पुस्तकांसाठी मुख्य कप्पे तीन: वाचायचंय, वाचतोय, वाचून झालं. पुस्तकाला एक ते पाच तारे द्यायचे. अर्धा तारा मात्र देता येत नाही. तो हवा असेल तर 'स्टोरीग्राफ' बघा, तिथं पाव ताऱ्यापर्यंत हिशेब चालतो!

आपल्या परभणीच्या बी. रघुनाथांचं 'आडगावचे चौधरी' वाचलंत, तर गुडरीड्सवरच्या अभिप्रायात नुसतं 'छान' लिहून थांबू नका. कुठलं पात्र मनात राहिलं, कुठं कंटाळा आला, हे चार ओळींत सांगा. शेवट फोडू नका; तेवढा मजकूर झाकून ठेवता येतो.

मराठी पुस्तकांखाली अभिप्राय कमीच दिसतात. आज एक तरी लिहा!